आकडा तसाच राहतो

२००१ सालच्या ऑगस्टअखेर अर्जेंटिनाच्या संसदेने एक कायदा मंजूर केला. बँकांतल्या ठेवींची मुदत सरकार लांबवणार नाही, त्यांचं चलन बदलणार नाही, व्याजदराला हात लावणार नाही आणि त्यांच्या बदल्यात सरकारी रोखे ठेवीदाराच्या गळ्यात मारणार नाही, अशी हमी त्यात कलम लिहून दिली होती. ठेवींना कोणी धक्का लावू शकत नाही, हे त्या कायद्याच्या नावातच होतं. तरीही ठेवी बँकांतून बाहेर जातच राहिल्या. लोक मूर्ख नव्हते. जे कधी होणारच नाही त्याच्याविरुद्ध कायदा कशाला करावा लागतो, एवढं त्यांना कळत होतं. शिवाय १९८९-९० च्या संधीकाळात याच देशाच्या सरकारने मुदत ठेवी उचलून त्याजागी दहा वर्षांचे डॉलर-रोखे हातात ठेवले होते, ते कोणी विसरलं नव्हतं.

कायद्याला तीन महिने झाले आणि १ डिसेंबरला अर्थमंत्री दोमिंगो काव्हायो यांचा हुकूम निघाला: खात्यातून आठवड्याला फक्त २५० पेसो रोख मिळतील. अर्जेंटिनात या बंदोबस्ताला ‘कोरालितो’ म्हणतात. मध्यमवर्गीय माणसं पातेली आणि झारे घेऊन रस्त्यावर आली. दंगली झाल्या, तिसाहून अधिक माणसं मेली. २० डिसेंबरला राष्ट्राध्यक्ष फेर्नांदो दे ला रुआ राजीनामा देऊन राजवाड्याच्या गच्चीवरून हेलिकॉप्टरने निघून गेले. जानेवारीत आलेल्या एदुआर्दो दुआल्दे यांनी संसदेत आश्वासन दिलं, की ज्यांनी डॉलर ठेवले त्यांना डॉलरच मिळतील. फेब्रुवारीत त्यांच्याच सरकारने फर्मान काढलं, की डॉलरच्या ठेवी एका डॉलरला १.४० पेसो या दराने पेसोत बदलल्या जातील. बाजारात डॉलर त्याच वर्षाच्या मध्यापर्यंत साडेतीन पेसोंच्या पुढे गेला. महागाईच्या निर्देशांकाशी जोडून थोडी भरपाई होती. तरी ज्याने दहा हजार डॉलर ठेवले होते, त्याच्या हाती बाजारभावाने निम्म्याहूनही कमी उरत होते.

त्याच फर्मानाचा दुसरा भाग फारसा कोणी सांगत नाही. बँकांकडून ज्यांनी डॉलरमध्ये कर्ज घेतलं होतं, त्यांचं कर्ज एकास एक या दराने पेसोत बदललं गेलं. म्हणजे दहा हजार डॉलरच्या कर्जदाराला दहा हजार पेसोच फेडायचे होते. मधली तूट भरून काढायला सरकारने बँकांना रोखे दिले. कर्जदारांत घराचे हप्ते भरणारे सामान्य लोक होते, तशा परदेशात डॉलर बाळगून असलेल्या मोठ्या कंपन्याही होत्या. ‘सरकारने आमचे पैसे खाल्ले’ असं ठेवीदार म्हणत होते. खरं पाहिलं तर पैशाचा मोठा वाटा कर्जदारांकडे गेला होता. ठेवी आणि कर्जं या एकाच वहीच्या दोन बाजू असतात. एका बाजूला कात्री लागली, की दुसरीकडे कोणाचं तरी ओझं हलकं होतं, आणि ते कोण हे शोधणं ‘सरकार लुटारू आहे’ म्हणण्यापेक्षा अवघड असतं.

संकट आलं, की सरकार आपली बचत हिसकावून घेईल, ही भीती जगभर आहे आणि तिला आधार आहे. पण शंभर वर्षांतली उदाहरणं शेजारी शेजारी ठेवून पाहिली, तर भीतीतलं चित्र आणि प्रत्यक्ष रीत यांत मोठं अंतर दिसतं. भीतीत सरकार पासबुकातला आकडा कमी करतं. प्रत्यक्षात आकड्याला हात लावणारी सरकारं अगदी मोजकी. बाकी सगळी आकडा जिथल्या तिथे ठेवतात. तो कधी हातात पडेल ती तारीख बदलतात, नाहीतर हातात पडल्यावर त्याचं काय विकत येईल ते बदलतात. लोकांचा राग मात्र नुकसानाच्या प्रमाणात येत नाही. नुकसान किती उघड दिसतं, त्या प्रमाणात येतो.

आकड्याला हात लावण्याचं गाजलेलं उदाहरण सायप्रसचं. त्या छोट्या बेटावरच्या बँका देशाच्या वार्षिक उत्पन्नाच्या सातआठपट मोठ्या झाल्या होत्या. रशियातून आणि इतर ठिकाणांहून पैसा येत होता आणि बँकांनी तो ग्रीसच्या सरकारी रोख्यांत भरभरून गुंतवला होता. २०१२ मध्ये ग्रीसने रोखेधारकांची देणी छाटली, तेव्हा सायप्रसच्या बँकांचे चार अब्जांहून अधिक युरो बुडाले. फेब्रुवारी २०१३ च्या शेवटी निकोस अनास्तासियादिस राष्ट्राध्यक्ष झाले. ठेवी छाटण्याची भाषासुद्धा खपवून घेणार नाही, असं त्यांनी पहिल्याच भाषणात बजावलं. दोन आठवडे लोटले, आणि १६ मार्चच्या शनिवारी पहाटे युरो वापरणाऱ्या देशांच्या अर्थमंत्र्यांची बैठक संपली तेव्हा निर्णय असा होता: दहा अब्ज युरोची मदत मिळेल, पण ठेवीदारांकडून ५.८ अब्ज वसूल करायचे. एक लाख युरोच्या आतल्या ठेवींवर ६.७५ टक्के, वरच्यांवर ९.९ टक्के.

त्या ९.९ कडे नीट पाहावं. दहाच्या आत राहायचं म्हणून राहिलेला तो आकडा आहे. मोठ्या परदेशी ठेवीदाराला फार लागू नये म्हणून भार खाली सरकवला गेला, आणि खाली पेन्शनर होते. युरोपात एक लाख युरोपर्यंतच्या ठेवीला विमा होता. पण विमा बँक बुडाली तर. इथे बँक बुडाल्याचं जाहीरच केलं नव्हतं. ही वसुली ‘कर’ होती, आणि करापासून कोणताही विमा वाचवत नाही. कायद्याने हे बसत असेलही, पण लोकांच्या डोळ्यांत ती सरळ चोरी होती. एकाने सहकारी बँकेच्या दारात बुलडोझर आणून उभा केला. ब्रिटनने बेटावरच्या आपल्या सैनिकांसाठी विमानातून दहा लाख युरो रोख पाठवले. मंगळवारी संसदेत मतदान झालं. ३६ मतं विरोधात, १९ तटस्थ, बाजूने एकही नाही. सत्ताधारी पक्षसुद्धा हात वर करायला धजला नाही.

बँका बारा दिवस बंद राहिल्या. शेवटी ठरलं ते मूळ योजनेपेक्षा न्याय्य होतं आणि मोठ्या ठेवीदारांना कितीतरी जड. एक लाखाच्या आतल्या सगळ्या ठेवी वाचल्या. लाइकी ही दुसरी मोठी बँक गुंडाळली आणि तिच्यातल्या लाखावरच्या ठेवी जवळपास गेल्या. बँक ऑफ सायप्रसमध्ये लाखावरच्या रकमेचा ४७.५ टक्के भाग बँकेच्याच शेअर्समध्ये बदलला. दिवसाला तीनशे युरो काढायची मर्यादा आली आणि देशाबाहेर पैसे नेण्यावरचे निर्बंध पुरते उठायला एप्रिल २०१५ उजाडला. आकड्यांत हा तोटा पहिल्या योजनेपेक्षा कितीतरी मोठा, पण त्याविरुद्ध तेवढा आवाज उठला नाही. विम्याची रेषा पाळली गेली आणि रेषेखालचा माणूस सुटला. लाखाच्या आतल्यांना पैसे परत मिळाले आणि तरीही लक्षात राहिली ती पहिली तीन दिवसांची योजना, जी कधी अमलात आलीच नाही.

इटलीत तसंच. १९९२ च्या जुलैमध्ये लिरा कोसळायच्या बेतात असताना पंतप्रधान ज्युलियानो आमातो यांच्या सरकारने एका रात्रीत बँकखात्यांतल्या शिलकेवर हजारी सहा, म्हणजे ०.६ टक्के, कर लावला, तोही मागच्या तारखेने. त्या वर्षीच्या महागाईने इटालियन बचतीचं याच्या कितीतरी पट नुकसान केलं असेल. पण आजही इटलीत सरकार अडचणीत आल्याची बातमी आली, की वडीलधारी माणसं जुलैमधल्या त्या रात्रीची आठवण काढतात.

तारीख बदलण्याचा सर्वांत अघोरी प्रयोग ब्राझीलने केला. फेर्नांदो कोलोर १५ मार्च १९९० ला राष्ट्राध्यक्ष झाले तेव्हा तिथली महागाई महिन्याला ऐंशी टक्क्यांच्या घरात होती. महिन्याला, वर्षाला नव्हे. दुसऱ्याच दिवशी अर्थमंत्री झेलिया कार्दोसो दे मेलो यांनी जाहीर केलं, की बँकखात्यात आणि बचतखात्यात ५०,००० क्रुझादो नोवोंच्या वर जे काही आहे ते अठरा महिने गोठवलं जाईल आणि नंतर बारा हप्त्यांत परत मिळेल. ५०,००० म्हणजे तेव्हाचे बाराशे डॉलर वगैरे. देशातल्या आर्थिक मत्तेपैकी ऐंशी टक्क्यांच्या आसपास रक्कम एका फटक्यात बंद झाली. बाजारात पैसाच नसेल तर भाव वाढतील कसे, असा सरळ हिशेब होता. कारखान्यांना पगार द्यायला पैसे उरले नाहीत, घर विकून दुसरं घ्यायच्या बेतात असलेल्यांची रक्कम मधल्या मध्ये अडकली, उपचारासाठी ठेवलेले पैसे अडकले. महागाई काही महिने खाली आली आणि वर्ष पुरतं संपायच्या आत पुन्हा महिन्याला वीस टक्क्यांवर चढली. गोठलेले पैसे पुढे परत मिळाले, आकड्यात वाढ करूनही मिळाले, पण ती वाढ खऱ्या महागाईच्या मागे पडलेली होती. त्या काळातल्या आर्थिक योजनांमधल्या भरपाईचे दावे तिथल्या न्यायालयांत काही दशकं चालले. कोलोर यांनी २०२० साली ट्विटरवर माफी मागितली. तीस वर्षांनी.

यातलं एक सूत्र ध्यानात घेण्यासारखं आहे. असे निर्णय बहुधा शनिवार-रविवार किंवा लागून सुट्टी असताना येतात आणि त्याआधी ठाम इन्कार आलेला असतो. लोक म्हणतात, बघा, खोटं बोलले. पण सरकारपुढे दुसरा मार्ग नसतो. ‘सोमवारी ठेवी गोठवणार आहोत’ असं शुक्रवारी सांगितलं तर शनिवारी बँकेत काही उरणार नाही. मनात काही नसलेलं सरकारही इन्कारच करेल. म्हणजे त्या इन्काराला माहिती म्हणून किंमत शून्य. अर्थमंत्र्यांच्या शपथेवरून ठेवीचं भवितव्य जोखू पाहणाऱ्याने त्यापेक्षा बँकेचा ताळेबंद चाळावा.

सोन्याचा विषय निघाला, की अमेरिकेचं नाव निघतंच. ५ एप्रिल १९३३ ला अध्यक्ष फ्रँकलिन रूझवेल्ट यांनी हुकूम काढला: १ मेपर्यंत सोन्याची नाणी, लगड आणि सोन्याची प्रमाणपत्रं सरकारजमा करा. माणशी शंभर डॉलरची नाणी, दागिने आणि दुर्मीळ नाणी यांना सूट. मोडणाऱ्याला दहा हजार डॉलर दंड किंवा दहा वर्षं कैद. मोबदला मिळाला, औंसाला २०.६७ डॉलर. पुढच्या जानेवारीत काँग्रेसने कायदा केला आणि सोन्याचा सरकारी भाव ३५ डॉलर ठरला. फरक सरकारी तिजोरीत गेला. सोन्याच्या हिशेबाने फेडायच्या करारांचा वाद सर्वोच्च न्यायालयात गेला आणि १९३५ मध्ये पाच विरुद्ध चार मतांनी सरकारच्या बाजूने सुटला. अमेरिकनांना पुन्हा मोकळेपणाने सोनं बाळगता आलं ते १९७४ च्या शेवटच्या दिवशी. यातही आकडा बदललेला नाही. शंभर डॉलरचे शंभर डॉलरच मिळाले, फक्त डॉलर लहान झाला. त्याच सरकारने १ जानेवारी १९३४ पासून २,५०० डॉलरपर्यंतच्या बँकठेवींना विमा दिला आणि बँका बुडण्याची साथ जवळपास थांबली. सामान्य बचत करणाऱ्याला या दुसऱ्या गोष्टीने कितीतरी जास्त वाचवलं. गोष्टी सांगितल्या जातात त्या मात्र सोन्याच्या.

आपल्याकडे सोनं जप्त झालं नाही, पण त्याच्या जवळ सरकार गेलं. चीनच्या युद्धानंतर जानेवारी १९६३ मध्ये मोरारजी देसाई अर्थमंत्री असताना सुवर्ण नियंत्रण आलं. नवे दागिने चौदा कॅरेटच्या वर करायचे नाहीत, दागिन्यांखेरीज बाकीचं सोनं जाहीर करायचं. सराफी आणि सोनारकामावर जगणाऱ्या कुटुंबांची दैना झाली. लोकांनी सोनं जाहीर करण्यापेक्षा लपवणं पसंत केलं आणि मुंबईच्या किनाऱ्यावर तस्करीचं एक युग सुरू झालं. १९६८ चा सुवर्ण नियंत्रण कायदा रद्द व्हायला १९९० उजाडलं. सक्तीच्या ठेवीही आपण पाहिल्या आहेत. १९६३ ची योजना फार टिकली नाही. १९७४ ला महागाई वीस टक्क्यांच्या पुढे गेलेली असताना इंदिरा गांधींच्या सरकारने वाढीव पगार पूर्ण आणि वाढीव महागाई भत्ता निम्मा कापून सक्तीने ठेवीत टाकला. तो पुढे हप्त्यांनी, व्याजासह परत मिळाला. त्या वेळी नोकरीत असलेल्यांच्या आठवणीत ती कपात अजून आहे. घरात मात्र ती कोणी ‘जप्ती’ म्हणून सांगत नाही. कारण पगार हातात आलाच नव्हता.

हातात असलेली नोट रद्द झाली, की गोष्ट वेगळी होते. १९८७ च्या सप्टेंबरात ब्रह्मदेशात ने विन यांच्या राजवटीने २५, ३५ आणि ७५ क्याटच्या नोटा कोणताही मोबदला न देता बाद केल्या. पुढच्या वर्षीच्या उठावाच्या कारणांत ते एक होतं. जानेवारी १९९१ मध्ये सोव्हिएत पंतप्रधान पावलोव्ह यांनी ५० आणि १०० रूबलच्या नोटा बदलून घ्यायला तीन दिवस दिले. आपल्याकडे १९४६, १९७८ आणि २०१६. पहिल्या दोन वेळा मोठ्या नोटा फार थोड्यांकडे होत्या, म्हणून सामान्य माणसाला त्यांची झळ लागली नाही. ८ नोव्हेंबर २०१६ ला मात्र चलनाच्या मूल्यापैकी ८६ टक्के नोटा बाद झाल्या. जप्ती म्हणावी तर ती झाली नाही. रिझर्व्ह बँकेच्याच अहवालाप्रमाणे ९९ टक्क्यांहून जास्त नोटा परत आल्या. पण खात्यातला स्वतःचा पैसा काढायला मर्यादा होत्या, आणि ग्रामीण महाराष्ट्राला आणखी एक कळ सोसावी लागली. १४ नोव्हेंबरपासून जिल्हा मध्यवर्ती सहकारी बँकांना जुन्या नोटा स्वीकारायला आणि बदलून द्यायला मनाई झाली. ज्याचं खातं फक्त जिल्हा बँकेत, ज्याचं पीककर्ज तिच्याशी संलग्न सोसायटीतून, त्याने रब्बीच्या ऐन पेरणीत तालुक्याच्या गावी राष्ट्रीयीकृत बँकेची रांग गाठायची. त्याआधी जिल्हा बँकांत जमलेल्या नोटा रिझर्व्ह बँकेकडे भरायची परवानगी मिळाली ती जून २०१७ मध्ये. तेव्हाही तारीखच हलली, आकडा नाही.

निवृत्तिवेतनाच्या पैशाबाबत तर फार गाजावाजाही लागत नाही. हंगेरीत २०१० च्या शेवटी ओर्बान सरकारने लोकांपुढे पर्याय ठेवला: खासगी पेन्शन फंडात राहिलात तर सरकारी पेन्शनवरचा पुढचा हक्क जाईल. जवळपास सगळे परत आले आणि त्यांची गुंतवणूक सरकारकडे आली. पोलंडने २०१४ च्या फेब्रुवारीत खासगी फंडांमधले ५१.५ टक्के, मुख्यतः सरकारी रोखे, सरकारी योजनेत ओढले आणि एका दिवसात सरकारी कर्जाचा आकडा खाली आला. रस्त्यावर पातेली वाजली नाहीत. वीस वर्षांनी मिळायच्या पैशासाठी आज कोण पातेलं उचलतं?

लेबनॉनची कथा या सगळ्यांहून वाईट, कारण तिथे हुकूमच निघाला नाही. २०१९ च्या ऑक्टोबरनंतर बँकांनी आपापल्या मर्जीने डॉलरची खाती अडवली. पैसे परदेशी नेण्यावर निर्बंध घालणारा कायदा संसदेत येत राहिला, मंजूर झाला नाही. मग ज्याची ओळख त्याचे पैसे बाहेर गेले आणि बाकीच्यांचे आत राहिले. डॉलर हवे असतील तर लेबनानी पौंडात मिळतील, तेही बाजारभावापेक्षा कितीतरी कमी दराने. २०२३ पर्यंत पौंडाची ९८ टक्क्यांहून जास्त किंमत गेली. स्वतःचेच पैसे काढायला काही ठेवीदार खेळण्यातलं पिस्तूल घेऊन बँकेत घुसले आणि लोक त्यांच्या बाजूने उभे राहिले. सायप्रसला जे पहाटेच्या बैठकीत जाहीर झालं ते नको म्हणून संसदेत मत तरी देता आलं. लेबनॉनमध्ये मत द्यायलाच काही नव्हतं. सरकार हिसकावेल या भीतीत सरकार गैरहजर असण्याची शक्यता लोक धरतच नाहीत.

या पार्श्वभूमीवर आपल्याकडच्या २०१७ च्या गदारोळाकडे पाहावं. त्या ऑगस्टमध्ये आर्थिक संस्था अडचणीत आल्या तर काय करायचं याचं एक विधेयक लोकसभेत आलं, एफआरडीआय नावाचं. त्यातलं ५२ वं कलम ‘बेल-इन’चं होतं. २००८ च्या संकटात बँका वाचवायला करदात्याचा पैसा ओतला गेला. त्यानंतर जी-२० देशांनी ठरवलेल्या धोरणातून हा विचार आला: बँक बुडू लागली तर आधी तिचे भागधारक आणि तिला कर्ज देणारे तोटा सोसतील. ठेवीदार म्हणजे बँकेला कर्ज देणाराच. १८४८ मध्ये इंग्लंडच्या हाउस ऑफ लॉर्ड्सने फॉली विरुद्ध हिल या खटल्यात ठरवलं, की बँकेत ठेवलेला पैसा बँकेचा होतो आणि ग्राहक तिचा धनको. आपला कायदा त्याच वळणाचा. बहुतेक ठेवीदारांनी हे २०१७ साली व्हॉट्सअॅपवर पहिल्यांदा वाचलं आणि त्यांना धक्का बसला. विमा असलेली रक्कम त्या कलमातून वगळलेली होती. अर्थमंत्री अरुण जेटली यांनी पुन्हा पुन्हा खुलासे केले, उपयोग झाला नाही. नोटाबंदीला तेव्हा जेमतेम वर्ष झालं होतं. ऑगस्ट २०१८ मध्ये विधेयक मागे घेतलं गेलं आणि सगळ्यांनी सुटकेचा श्वास सोडला.

माझ्या मते त्या सुटकेत भाबडेपणा होता. जेमतेम वर्षभरानंतर, सप्टेंबर २०१९ मध्ये, रिझर्व्ह बँकेने मुंबईच्या पंजाब अँड महाराष्ट्र सहकारी बँकेवर निर्बंध घातले. पहिली मर्यादा सहा महिन्यांत मिळून एक हजार रुपये. बँकेच्या कर्जांचा मोठा हिस्सा एचडीआयएल या एकाच बांधकाम समूहाकडे गेला होता आणि तो नोंदींत लपवला होता. मर्यादा हळूहळू लाखापर्यंत वाढत गेली. जानेवारी २०२२ मध्ये बँक युनिटी स्मॉल फायनान्स बँकेत विलीन झाली. विलीनीकरणाच्या योजनेत व्यक्तींना पाच लाखांपर्यंत रक्कम आणि बाकी टप्प्याटप्प्याने दहा वर्षांपर्यंत मिळेल असं ठरलं. संस्थात्मक ठेवीदारांच्या विमा नसलेल्या रकमेचा ८० टक्के भाग कायमस्वरूपी प्राधान्य शेअर्समध्ये बदलला. हा बेल-इनच होता. ज्या नावामुळे विधेयकातल्या कलमाला विरोध झाला, त्या नावाविना तेच बँकिंग नियमन कायद्याच्या ४५ व्या कलमाखाली पार पडलं. या संस्थांत पतपेढ्याही होत्या आणि दुरुस्तीसाठी पै-पै जमवलेल्या गृहनिर्माण सोसायट्याही. इथे सरकारने काही हिसकावलं नाही. पैसा आधीच कर्जदाराने आणि त्याला साथ देणाऱ्यांनी नेला होता. सरकारी यंत्रणा आली तेव्हा तिने फक्त घड्याळ थांबवलं.

महाराष्ट्रात ही भीती निव्वळ कल्पनेतली नाही. देशातल्या सर्वाधिक नागरी सहकारी बँका इथे आहेत आणि ठेव विम्याच्या जन्मामागेही एक महाराष्ट्रातली बँक आहे. १९६० मध्ये केरळातली पलई सेंट्रल बँक आणि अकोल्याची लक्ष्मी बँक बुडाल्या, त्यातून १ जानेवारी १९६२ ला ठेव विमा महामंडळ सुरू झालं. तेव्हाची मर्यादा दीड हजार रुपये. १९९३ ला ती एक लाख झाली आणि २०२० पर्यंत तिथेच राहिली. पंजाब अँड महाराष्ट्र बँकेच्या प्रकरणानंतर पाच लाख झाली. आज देशातली जवळजवळ ९८ टक्के ठेवखाती विम्याच्या आत पूर्ण येतात, पण ठेवींच्या एकूण रकमेपैकी निम्मीही येत नाही. म्हणजे छोट्या ठेवीदाराची भीती बऱ्यापैकी निराधार आहे. निवृत्तीचे पंचवीस-तीस लाख एकाच सहकारी बँकेत, जवळची म्हणून, अर्धा टक्का जास्त म्हणून ठेवणाऱ्याची नाही.

आणि तिसरी रीत मोल बदलण्याची, जिच्याविरुद्ध कोणी मोर्चा काढत नाही. कार्मेन राइनहार्ट आणि बेलेन स्ब्रान्सिया यांनी २०११ मधल्या त्यांच्या अभ्यासात दाखवलं, की दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिका आणि ब्रिटनने आपलं प्रचंड कर्ज मोठ्या प्रमाणात महागाईपेक्षा कमी व्याज देऊन झिजवलं. दरवर्षी राष्ट्रीय उत्पन्नाच्या तीन-चार टक्के इतकं कर्ज असं विरघळत होतं. ते बचत करणाऱ्यांच्याच खिशातून जात होतं, पण एकही खातं गोठलं नाही. आपल्याकडे १९९० च्या सुमारास बँकांना ठेवींपैकी ३८.५ टक्के सरकारी रोख्यांत गुंतवावे लागत होते आणि त्यावर १५ टक्के रिझर्व्ह बँकेकडे ठेवावे लागत. २००९ ते २०१३ मध्ये महागाई दहा टक्क्यांच्या आसपास आणि मुदत ठेवीवर आठ-नऊ टक्के, त्यावर पुन्हा कर. तेव्हा कोणी पातेली वाजवली नाहीत. लोकांनी शांतपणे सोनं घेतलं, एवढं, की २०१२-१३ ला देशाच्या परकीय व्यवहारांच्या चालू खात्यातली तूट ४.८ टक्क्यांवर जाण्यात सोन्याच्या आयातीचा मोठा हात होता. सायप्रसच्या ६.७५ टक्क्यांनी संसद हलली. त्याहून मोठा भाग चार-पाच वर्षांत झिजताना आपण त्याला ‘व्याज कमी झालंय हल्ली’ असं म्हणतो.

तरीही मला वाटतं, आकडा आणि मोल यांच्यापेक्षा सामान्य माणसाला जास्त त्रास तारखेचा होतो. किती गेलं हे कळलं तर तो रडून पुढच्या सोयीला लागतो. कधी मिळेल हे न कळणं त्याला उपचार, लग्न, शिक्षण, घर यांतलं काहीच ठरवू देत नाही. २०२१ च्या दुरुस्तीने ठेव विम्याची रक्कम निर्बंध लागल्यापासून नव्वद दिवसांत देणं बंधनकारक झालं, ही आपल्याकडची मोठी सुधारणा. पण पाच लाखांच्या वरच्या रकमेला ते लागू नाही. पुण्याच्या रुपी बँकेवर फेब्रुवारी २०१३ मध्ये निर्बंध आले. ते पुन्हा पुन्हा वाढत राहिले आणि शेवटी २०२२ मध्ये परवानाच रद्द झाला. दरम्यान साडेनऊ वर्षं गेली. उलट मुंबईच्या न्यू इंडिया सहकारी बँकेवर फेब्रुवारी २०२५ मध्ये निर्बंध लागले, पंधरवड्यात पंचवीस हजारांपर्यंत काढायला परवानगी मिळाली आणि ऑगस्टमध्ये ती सारस्वत बँकेत विलीन झाली. ठेवीदारांचं काही गेलं नाही. एकाच राज्यातल्या दोन ठेवीदारांच्या नशिबात हा एवढा फरक पडला, तो सारस्वत बँक पुढे आली म्हणून. कायद्यात तशी सक्ती कुठेच नाही.